भागाकाराने वेळ निघत नाही
मुंबई-दिल्ली हवाई अंतर सुमारे १,१५० किमी, विमानाचा वेग ताशी ८५०, म्हणून प्रवास एक तास वीस मिनिटांचा, असं लेखात म्हटलंय. कृपया हे दुरुस्त करा, यावर विसंबून कुणाची तरी पुढची गाडी चुकेल! तो वेग उंचीवर गेल्यानंतरचा. वेळापत्रकातले दोन-सव्वादोन तास विमान जागेवरून हलल्यापासून दिल्लीत जागेवर थांबेपर्यंतचे असतात. धावपट्टीची रांग, चढण, उतरण, उतरण्याआधीच्या घिरट्या सगळं त्यात आलं. मार्गही सरळ रेषेत नसतो.

आणि ठाणेकरांनो, डिसेंबर २०२५ पासून नवी मुंबईहूनही उड्डाणं आहेत. तिकिटावर बीओएम (मुंबई विमानतळाचा कोड) आहे की एनएमआय (नवी मुंबईचा) ते आधी बघा. हवाई अंतर जवळपास तेवढंच, पण घोडबंदरहून उलव्याला, म्हणजे नवी मुंबईच्या विमानतळावर, पोचायचा वेळ वेगळा धरावा लागतो.