धोंडोपंतांचं वजन

कासव आजारी पडलं तरी सांगत नाही. कण्हत नाही, अंगावरून हात फिरवा म्हणत नाही. मान आत घेऊन एका कोपऱ्यात बसतं, आणि ठणठणीत कासवही दिवसातला बराच वेळ नेमकं हेच करत असतं. म्हणून आमच्या डॉक्टरीणबाईंनी पहिल्याच भेटीत बजावलं, "दर आठवड्याला वजन करा आणि तारखेसकट लिहून ठेवा. उतरायला लागलं तर घेऊन या. फार भराभर वाढलं तरी घेऊन या." येताना आम्ही वाटेत एक छान जाड वही घेतली. वजनकाटा तर घरात होताच.

आम्ही ॲरिझोनात, फिनिक्सच्या एका उपनगरात राहतो. इथे उन्हाळ्यात पारा पंचेचाळीसच्या वर जातो, अंगणात फड्या निवडुंग फोफावतो आणि सुल्काटा जातीच्या कासवाला याहून जास्त काही नको असतं. त्याचं मूळ गाव सहारा वाळवंटाची दक्षिण कड. तिकडे ही जात धोक्यात आलेली आहे. इकडे मात्र लोक हौसेनं पिल्लू आणतात, ते वाढतं, कुंपणाखालून भुयार खणतं, आणि मग 'कुणी घेता का कासव' अशी शोधाशोध सुरू होते. पलीकडच्या गल्लीतलं एक कुटुंब सिॲटलला निघालं होतं. त्या पावसात हे वाळवंटी जनावर कुठे न्यायचं, म्हणून त्यांनी ते आमच्या लेकीच्या ओंजळीत ठेवलं आणि गाडीला किल्ली लावली.

सातारहून आमच्याकडे राहायला आलेल्या आईनं ते पाहिलं. "कासव कसलं, धोंडा आहे नुसता," म्हणाली. त्यामुळे आधी धोंडू, आणि अंगानं भरला तसा धोंडोपंत. ही जात नर की मादी हे चांगली फूट-सव्वा फूट लांब होईपर्यंत खात्रीनं कळत नाही, तेव्हा पुढेमागे धोंडूबाईही निघू शकतात. आईची त्याला हरकत नाही. तिची हरकत वेगळीच होती. भारतात कासव असं घरात ठेवलं असतं तर १९७२च्या वन्यजीव कायद्याखाली वनखात्याची माणसं दारात आली असती, इथे कुणी कसं येत नाही? बरेच दिवस ती दारावरची घंटा वाजली की आधी कासव कुठे आहे ते बघायची.

आता खरी अडचण. सुल्काटाचं पिल्लू अंड्यातून निघतं तेव्हा तीसएक ग्रॅमचं असतं आणि मोठेपणी चाळीस-पन्नास किलोंपर्यंत सहज जातं. गालापागोस आणि अल्डाब्रा या बेटांवरच्या महाकाय कासवांखालोखाल याचाच नंबर. म्हणजे वजन हजार पटींहून जास्त वाढणार. वाण्याकडे वेलदोडे तोलायचा काटा वेगळा आणि गव्हाची पोती तोलायचा वेगळा. आम्हांला एकाच काट्यावर वेलदोड्याचं पोतं होताना बघायचं होतं.

सुरुवात स्वयंपाकघरातल्या काट्यापासून झाली. काटा बायकोचा. पाच किलोंपर्यंत तोलणारा, एका ग्रॅमचाही हिशेब देणारा. धोंडू तेव्हा तीनशे ग्रॅमच्या आतबाहेर होता, म्हणजे काटा अगदी मापाचा. फक्त कासव काट्यावर थांबत नाही. पाय टेकले की ते चालायला लागतं, आणि आकडा २७१, ३१८, ४०, २९४ असा कुठेही उड्या मारतो. यावर इथल्या कासववाल्यांची एक जुनी युक्ती आहे. काट्यावर वाडगा पालथा घालायचा, काटा शून्यावर आणायचा आणि कासवाला पोटावर त्या वाडग्यावर ठेवायचं. चारही पाय अधांतरी. ते हवेत जोरजोरात पोहत राहतं, पण पुढे सरकत नाही, आणि पोहण्याची पहिली हौस फिटली की आकडा स्थिरावतो. त्या क्षणी काटा आपोआप बंद होतो. वीज वाचवायची असते त्याला.

तरी आमचं बरं चाललं होतं. मग एका सकाळी बायको लवकर उठली. नानकटाईचं पीठ मोजायच्या काट्यावर, शिऱ्याच्या वाडग्यावर, धोंडू पोहताना तिनं पाहिला. ती फार बोलली नाही. अमेरिकेत १९७५ पासून चार इंचांहून लहान कासव पाळायला म्हणून विकायची बंदी आहे, ती कशामुळे ते माहीत आहे का, एवढंच तिनं शांतपणे विचारलं. मला माहीत होतं. साल्मोनेला नावाच्या जंतूंमुळे. मुलं ती चिमुकली कासवं हाताळायची, तोंडात घालायची आणि दवाखान्यात जायची. "आपला तर साडेचार इंचांचा आहे," असं मी म्हणालो. वाडगा त्याच दिवशी कचऱ्यात गेला. काटा बायकोनं उंच फळीवर ठेवला, जिथे माझा हात पोचतो पण हिंमत पोचत नाही.

मग न्हाणीघरातला काटा. इथे हिशेब सरळ होता : आधी मी एकटा उभा राहायचं, मग धोंडूला घेऊन, आणि वजाबाकी करायची. मी एकटा ८१.४. धोंडूला घेऊन ८१.४. उतरलो, चढलो, पुन्हा ८१.४. म्हणजे कासवाचं वजन शून्य. ते हातात चांगलं जाणवत होतं, पायावर नुकतंच मुतलंही होतं, पण काट्याच्या लेखी अस्तित्वातच नव्हतं. नंतर त्याचं माहितीपत्रक वाचलं तेव्हा उलगडा झाला. हे काटे मागचं वजन लक्षात ठेवतात आणि फरक थोडा असेल तर तोच आकडा पुन्हा दाखवतात. गिऱ्हाइकाला वाटावं, काटा किती भरवशाचा, कितीदा उभे राहा, तेच सांगतो! तीन महिने मी रोज पळायला जात होतो आणि वजन तसूभर हलत नव्हतं, त्यामागेही हाच प्रामाणिकपणा असावा असं मला आता वाटतं. बायकोला वाटत नाही.

परदेशातल्या कुठल्याही मराठी घरात आणखी एक काटा हमखास असतो, बॅगा तोलायचा. हातात धरायचा, खाली हूक आणि पट्टा. या काट्यावर आमचा जीव आहे. पन्नास पौंडांच्या, म्हणजे तेवीस किलोंच्या मर्यादेत लोणच्याची एक बरणी जास्तीची बसवायचं कसब त्यानंच शिकवलं. मी धोंडूला कापडी पिशवीत घातलं, पिशवी हुकाला अडकवली आणि हात वर केला. पिशवी झुलायला लागली. झुलणारी पिशवी थांबेपर्यंत आकडा पक्का होत नाही आणि पिशवीतलं कासव, आपण कुठे चाललोय हे बघण्यासाठी, पिशवी थांबू देत नाही. शेवटी काटा एकदाचा 'टी' करून वाजला. आकडा पौंडांत होता, तोही एका दशांशापर्यंत. एक दशांश पौंड म्हणजे पंचेचाळीस ग्रॅम. लोणच्याला चालतं ते. डॉक्टरीणबाईंना नाही चालत.

तोपर्यंत आमच्या वहीची अवस्था बघण्यासारखी झाली होती. मी लिहीन ते ग्रॅममध्ये. लेक शाळेत पौंड आणि औंस शिकलेली, तिची पानं तशी. औंस सोळा झाले की पौंड होतो हे मी दर वेळी विसरून दहानं भागायचो, त्यामुळे मार्चमध्ये धोंडू खंगला होता आणि एप्रिलमध्ये त्याला सूज आली होती. आईचा काट्यांवर विश्वासच नव्हता. माझ्या आजोबांचं किराणा दुकान होतं, तिचं लहानपण तराजूशेजारी गेलेलं. ती धोंडूला तळहातावर घ्यायची, डोळे मिटायची आणि म्हणायची, "पाऊण किलो." काट्यावर तो एक किलो शंभर भरला. "पासंग आहे तुमच्या काट्यात," म्हणून तिनं निकाल दिला. इलेक्ट्रॉनिक काट्याला दोन पारडी नसतात, मग पासंग कुठून येणार, हे मी समजावून सांगायला लागलो तर म्हणाली, "नसेल तर बसवून घे."

असं करता करता धोंडोपंत तीन किलोंवर पोचले आणि मी तान्ह्या बाळांचा काटा मागवला. वीस किलोंपर्यंत तोलतो, दहा ग्रॅमचा फरक दाखवतो आणि बाळ हातपाय झाडत असलं तरी सरासरी काढून एकच आकडा धरून ठेवतो. कागदावर तर खास कासवासाठीच बनवलेला. खोकं दारात पडलं होतं, त्यावर गुटगुटीत बाळाचं मोठं चित्र, आणि नेमक्या त्याच संध्याकाळी बायकोच्या भिशीतल्या दोघी भाजणीचं पीठ द्यायला आल्या. त्यांनी खोक्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि पीठ देऊन चटकन गेल्या. रात्री नऊपर्यंत अभिनंदनाचे निरोप यायला लागले. बायकोची पंचेचाळिशी उलटलेली. "देवाच्या मनात असलं की काय," असं एका काकूंनी टेक्सासहून कळवलं. खुलासा म्हणून बायकोनं धोंडूचा फोटो पाठवला, तर 'नाव छान आहे' असं उत्तर आलं.

काटा मात्र चालला नाही. बाळ लोळून पडू नये म्हणून त्याचं ताट दोन्ही बाजूंनी वर वळवलेलं असतं. बाळ ते ओलांडत नाही, कारण बाळाला सहाराच्या कडेवर बीळ खणायचा वारसा नसतो. धोंडोपंत कडेवर पुढचे पाय रोवायचे आणि सरासरी निघायच्या आत पलीकडे उतरायचे.

या सगळ्या काळात मला एक ग्रॅम की पाच ग्रॅम की दहा, याची जी काही चिंता लागून राहिली होती ती एका सकाळी कायमची मिटली. वाळवंटातलं कासव मूत्राशयात पाण्याचा साठा करून ठेवतं आणि घाबरलं किंवा उचललं की तो सगळा एका दमात सोडून देतं. धोंडोपंत काट्यावर होते, आकडा स्थिर झाला, मी पेन उघडलं, आणि आकडा दीडशे ग्रॅमनं उतरला. म्हणजे मी बाजारभर फिरून एका ग्रॅमला जागणारा काटा शोधत होतो आणि खुद्द गिऱ्हाईक एका झटक्यात दीडशे ग्रॅम इकडचं तिकडे करत होतं. कोमट पाण्यात डुंबवलं की वजन वर, निवडुंगाचं पान पोटात गेलं की वर, जास्वंद खाल्ली की थोडं वर. (जास्वंद आईनं गणपतीसाठी लावली होती. आता रोज पहिलं फूल गणपतीला, उरलेली अवताराला.) तेव्हापासून मी काटे कमी बघायला लागलो आणि घड्याळ जास्त. सकाळी, खायच्या आधी, डुंबायच्या आधी, रोज त्याच काट्यावर. मग काटा पाच ग्रॅम खोटं बोलला तरी दर वेळी तेच खोटं बोलतो.

हे वेड माझं एकट्याचं नाही याचा मला आधार वाटतो. अठराव्या शतकात इंग्लंडमध्ये सेलबोर्न गावी गिल्बर्ट व्हाइट नावाचे पाद्री होते. १७८० साली त्यांची आत्या वारली आणि तिचं टिमोथी नावाचं कासव त्यांच्या वाट्याला आलं. ते त्याचं वजन करायचे आणि रोजनिशीत लिहून ठेवायचे. टिमोथी ही मादी होती हे पुढे कळलं, दोघंही गेल्यावर. तिची पाठ आजही लंडनच्या नॅचरल हिस्टरी म्युझियममध्ये आहे. त्याच लंडनच्या प्राणिसंग्रहालयात दर ऑगस्टमध्ये झाडून सगळ्या प्राण्यांची वजनं करतात, महाकाय कासवांचीही. हे मी बायकोला वाचून दाखवलं. ती म्हणाली, "वर्षातून एकदा ना?"

आपल्या संतांनी कासवीचं फार कौतुक केलंय. ती नुसत्या नजरेनं पिलांना पोसते म्हणे. प्रत्यक्षात ती अंडी पुरते आणि निघून जाते, वळूनसुद्धा बघत नाही. नजरेनं पोसायचं काम आमच्याकडे लागलं, आणि डॉक्टरीणबाईंना नजर चालत नाही, किलो लागतात.

शेवटी उपयोगी पडला तो पार्सलं तोलायचा काटा. चाळीस किलोंपर्यंत झेपतो, आणि त्याची मुख्य खुबी अशी की आकड्याची पाटी वायरीनं वेगळी, भिंतीवर टांगता येते. आधीच्या काट्यांचे आकडे कायम कासवाच्या पोटाखाली जायचे आणि ते वाचायला मी जमिनीला गाल लावून पडलेला असायचो. एकच उणीव होती. तबक लहान, पंत मोठे. मी प्लायवुडचा तुकडा कापत बसलो होतो तेव्हा आईनं देवघरासमोरचा पाट आणून पुढे ठेवला. तिचाच पाट, सातारहून बॅगेत आलेला. मी बघतच राहिलो. "बघतोस काय? कूर्मावतार तो. देवळात गाभाऱ्यासमोर असतोच की," म्हणाली. पाट तबकावर ठेवला, शून्य केलं, धोंडोपंत पाटावर चढवले. इथे कड नाही, वाडगा नाही, पिशवी नाही. चार पावलांत ते पाटाच्या टोकाशी येतात, तिथे थांबून खाली किती खोल आहे याचा विचार करतात, आणि त्या विचाराच्या वेळात आकडा मिळतो. सहा किलो चारशे.

"चाळीस किलोंचा काटा म्हणजे आता बरीच वर्षं बघायला नको," असं मी म्हणालो. लेकीनं वहीतले आकडे घेऊन आलेख काढला होता. औंसांसकट सगळं तिनं नीट करून घेतलं होतं. ती रेघ कागदाच्या वरच्या कडेकडे जाताना दिसत होती. तिनं फोनवर शेतकी मालाचं एक दुकान उघडून माझ्यापुढे धरलं. शेळ्या-मेंढ्या आणि डुकरं तोलायचा काटा, तीनशे किलो, खाली रबरी चटई.

"हा गॅरेजमध्ये मावेल," मी म्हणालो.

"वॉरंटी किती आहे?" बायकोनं विचारलं.

"दोन वर्षं."

तिनं अंगणात निवडुंगाच्या सावलीत बसलेल्या धोंडोपंतांकडे पाहिलं. "आणि त्यांची?"