ब्रेक दाबला, हे मागच्याला कळू तर दे!

आत्ता घरी पोचलोय. जेवायची इच्छा नाही, आधी हे लिहून काढतो.

कात्रजच्या नव्या बोगद्यात पुढे एक पांढरी गाडी होती. मागे बाहेरून बसवून घेतलेले एलईडी. नुसते टेल लाइटच एवढे जळजळीत की त्याने ब्रेक दाबला तरी काही फरक दिसेना. गाडी एकदम जवळ आली तेव्हा मला कळलं. शेजारी लेक बसलेली. हातभर अंतर राहिलं असेल.

जास्त राग यायचं कारण म्हणजे हेच मीही केलं होतं. दोन पावसाळ्यांपूर्वी बाबांच्या जुन्या गाडीत. "जुना बल्ब काढायचा, हा लावायचा, पाच मिनिटांचं काम," असं दुकानदार म्हणाला आणि मी लावून घेतले. त्याच आठवड्यात आईला घेऊन साताऱ्याला निघालो. खंबाटकीला धो धो पाऊस. घाट उतरून चहाला थांबलो, तर मागचा ट्रकवाला डोक्यावर टॉवेल धरून भिजत माझ्याकडे आला. वाटलं, भांडायला आला. तर म्हणाला, "दादा, तुमचा ब्रेक दिसतच नाही. दोनदा वाचलात." आई मागच्या सीटवर होती हो!

त्या जुन्या बल्बात दोन तारा असतात. टेलसाठी 5 वॅटची, ब्रेकसाठी 21 वॅटची. चौपट फरक. मागच्या माणसाला तोच फरक सांगतो की पुढचा थांबतोय. स्वस्तातल्या एलईडीत दोन्ही उजेड जवळपास सारखेच. शिवाय आतला रिफ्लेक्टर बनवलेला असतो त्या तारेच्या जागेसाठी. एलईडीचा उजेड निघतो भलतीकडून, मग तो मागच्याला नीट दिसणार कसा?

इंडिकेटरचं तर विचारूच नका. एलईडी करंट इतका कमी ओढतो की दिवा उघडझाप करवणाऱ्या रिलेला वाटतं बल्ब उडाला, आणि टिकटिक दुप्पट वेगाने सुरू. मग दुकानदार रेझिस्टर जोडून देतो. तो बल्बाएवढाच करंट खातो आणि चटका बसेल इतका तापतो. माझ्या गाडीत तो दिव्यामागच्या प्लास्टिकला टेकवून बांधला होता, प्लास्टिक पिवळं पडून वाकलं होतं. वीज वाचवायला एलईडी लावायचा आणि वाचलेली वीज तिथेच जाळायची, ही कुठली अक्कल? वर पुढे दिवा खरंच गेला तरी टिकटिक तशीच चालू राहणार, म्हणजे कळायची सोयही गेली. लावायचेच तर रिले बदलून एलईडीसाठीचा बसवून घ्या, पण ते कोणी सांगत नाही.

एलईडी लवकर पेटतो, हे मान्य. तार तापायला सेकंदाचा पाचवा भाग जातो, म्हणजे 90 च्या स्पीडला 5 मीटर. कंपनीतूनच एलईडी आलेली गाडी असेल तर प्रश्नच नाही. पण ब्रेक दाबल्यावर लग्नाच्या मांडवासारखे लुकलुकणारे दिवे? ते कशासाठी? कोणाला दाखवायला?

राहून राहून तो ट्रकवालाच डोळ्यांसमोर येतोय. त्याला काय पडली होती? हॉर्न मारून, शिवी घालून पुढे गेला असता. एवढ्या पावसात खाली उतरला. मी त्याला चहासुद्धा विचारला नाही, उलट तोंड वाकडं केलं. आई म्हणाली, "अरे, त्याला आभार तरी म्हण." तोवर तो निघून गेला होता.

रविवारी सकाळी 8 ला मी खाली पार्किंगमध्ये आहे. ज्यांनी बल्ब बदललेत त्यांनी गाडी आणा. मी मागे वीस पावलांवर उभा राहतो, तुम्ही ब्रेक दाबा. साधे बल्ब आणून ठेवतो.