गार रेडिएटरला बॉयलर जबाबदार नसतो: एका लोकप्रिय संदेशाचा प्रतिवाद

ब्रिटनमधल्या मराठी कुटुंबांच्या व्हॉट्सॲप गटांत थंडी सुरू झाली की एक सल्ला फिरू लागतो. एखाद्या खोलीतला रेडिएटर (बॉयलरमध्ये तापलेले पाणी आतून फिरवून खोली गरम करणारे उपकरण) गार राहत असेल तर बॉयलर कमी पडतो आहे असे समजावे, त्याचे तापमान ८० अंशांवर न्यावे, पाणी फिरवणारा पंप सर्वांत जास्त वेगावर ठेवावा, त्या खोलीतल्या रेडिएटरचा आकड्यांचा व्हॉल्व्ह पाचवर फिरवावा, सगळ्या रेडिएटरांतली हवा काढावी आणि दरवर्षी यंत्रणेतले पाणी बदलावे, असे त्याचे सांगणे आहे. यातला हवा काढण्याचा भाग अर्धा बरोबर आहे. बाकीचे उपाय बहुधा निरुपयोगी आहेत आणि शेवटचा तर नुकसान करणारा आहे.

मुळातले गृहीतकच डळमळीत आहे. दिवाणखान्यातला रेडिएटर हात लाववत नाही इतका तापत असेल आणि वरच्या मजल्यावरचा एकच गार असेल, तर बॉयलर त्याचे काम करतो आहे. तयार झालेली उष्णता त्या एका ठिकाणी पोचत नाही, एवढाच त्याचा अर्थ.

तापमान ८० अंशांवर नेण्याचा तोटा थेट गॅसच्या बिलात दिसतो. इंग्लंड आणि वेल्समध्ये २००५पासून बसवलेले गॅस बॉयलर जवळजवळ सगळे कंडेन्सिंग प्रकारचे आहेत. जळालेल्या गॅसमधल्या वाफेचे पाणी होताना सुटणारी उष्णता ते परत मिळवतात, पण त्यासाठी रेडिएटरांतून परत येणारे पाणी साधारण ५५ अंशांच्या खाली असावे लागते. जाणारे पाणी ८० अंशांचे असेल तर परतीचे पाणी बहुतेक घरांत ६० अंशांच्या वर राहते, आणि जिच्यासाठी हा बॉयलर घेतला ती बचत धुराड्यातून निघून जाते. कॉम्बी बॉयलर (टाकीशिवाय नळाला थेट गरम पाणी देणारा) असेल तर बऱ्याच घरांना ६० अंश पुरतात. कडाक्याच्या थंडीत किंवा रेडिएटर लहान असतील तर थोडे वाढवावे लागेल, हे मान्य. गरम पाण्याची वेगळी टाकी असेल तर मात्र ६५ अंशांच्या खाली जाऊ नये, कारण लिजिओनेला जिवाणू वाढू नयेत म्हणून टाकीतले पाणी ६० अंशांपर्यंत तापावे लागते.

पंपाचा वेग वाढवल्याने वाटणीतली विषमता जात नाही. पाणी कमी अडथळ्याच्या वाटेने जाते, म्हणून बॉयलरजवळचे रेडिएटर आपल्या वाट्यापेक्षा जास्त पाणी ओढतात आणि शेवटचा गार राहतो. कालव्याच्या शेपटाकडच्या शेतकऱ्याला हे समजावून सांगावे लागणार नाही. धरणातून जास्त पाणी सोडले तरी वरची दारे सताड उघडी असतील तर शेपटाला थोडेच पोचते. वेग वाढवून शिवाय नळ्या आवाज करू लागतात आणि परतीचे पाणी आणखी गरम होते, ते वेगळेच.

खरा उपाय वरची दारे थोडी मिटण्याचा आहे. रेडिएटरच्या एका टोकाला आकड्यांचा व्हॉल्व्ह असतो आणि दुसऱ्या टोकाला टोपीखाली पाण्याचा प्रवाह कमी-जास्त करणारा लॉकशील्ड व्हॉल्व्ह असतो, ज्याकडे सहसा कोणी पाहत नाही. यंत्रणा पूर्ण थंड असताना दोन्ही प्रकारचे सगळे व्हॉल्व्ह पूर्ण उघडावेत, हीटिंग सुरू करावे आणि रेडिएटर कोणत्या क्रमाने तापतात ते लिहून ठेवावे. जो सर्वांत आधी तापला त्याचा लॉकशील्ड बंद करून जेमतेम पाव फेरा उघडावा, पुढच्यांचे क्रमाने थोडे थोडे जास्त उघडावेत आणि सर्वांत शेवटच्याचा पूर्ण उघडा ठेवावा. मग प्रत्येक रेडिएटरच्या येणाऱ्या आणि जाणाऱ्या नळीचे तापमान मोजून दोहोंतला फरक सगळीकडे सारखा येईपर्यंत बारीक फेरफार करावेत. जुन्या यंत्रणांत हा फरक ११-१२ अंश धरत; कंडेन्सिंग बॉयलरला २० अंशांपर्यंतचा फरक चालतो, उलट फायद्याचाच ठरतो. प्रत्येक फेरफारानंतर पाणी स्थिरावेपर्यंत थांबावे लागते, म्हणून या कामाला सुट्टीचा दिवस राखून ठेवलेला बरा.

आकड्यांचा व्हॉल्व्ह पाचवर नेल्याने खोली लवकर तापत नाही. तो खोलीचे तापमान पाहून पाणी अडवतो, आणि गार खोलीत तो तीनवरही उघडाच असतो. उन्हाळाभर बंद राहिल्यामुळे त्याच्या आतली पिन अडकली असेल तर गोष्ट निराळी. डोके काढून पिन हलकेच दाबून पाहावी, ती आपोआप वर यायला हवी.

हवा काढण्यापूर्वी रेडिएटर नेमका कुठे गार आहे ते हाताने पाहावे. वरचा भाग गार असेल तर हवा अडकली आहे. खालचा मधला भाग गार असेल तर तिथे गाळ बसला आहे, आणि हवा काढून तो हलणार नाही. हवा काढल्यावर प्रेशर तपासावे; सीलबंद यंत्रणेत ते थंड असताना १ ते १.५ बार असावे. महिन्या-दोन महिन्यांनी पुन्हा पुन्हा हवा काढावी लागत असेल तर बाहेरची हवा आत शिरते आहे किंवा आतला धातू गंजून हायड्रोजन तयार होतो आहे, आणि शोध त्याचा घ्यायला हवा.

दरवर्षी पाणी बदलण्याचा सल्ला नेमका या गंजालाच खतपाणी घालतो. ताज्या पाण्यासोबत ताजा ऑक्सिजन येतो, पोलादी रेडिएटर आतून गंजतात आणि काळा गाळ वाढतो. पूर्वी घातलेले इनहिबिटर, म्हणजे गंज रोखणारे रसायनही पाण्यासोबत वाहून जाते. गाळ खरोखर झालाच असेल तर यंत्रणा एकदा नीट धुऊन घ्यावी, चुंबकीय फिल्टर बसवावा, इनहिबिटर घालावे आणि ते पाणी पुन्हा विनाकारण काढू नये.