खटका

गेटच्या बिलावर ‘मामांची मजुरी, २०० वजा’ असं निळ्या शाईत लिहून उरलेले पैसे माझ्या हातावर ठेवले गेले, त्याला आज तिसरा दिवस. अजून चहा गोड लागत नाही.

झालं असं, की कोल्हापुरात शिवाजी उद्यमनगरातल्या माझ्या वेल्डिंगच्या शेडमध्ये मिग टॉर्चचा, म्हणजे वेल्डिंगची वायर आणि गॅस सोडणाऱ्या मुठीचा, खटका गेला. गिऱ्हाइकाची वास्तुशांत शुक्रवारी, त्या दिवशी बुधवार, आणि निम्मं गेट अजून वेल्डिंगच्या नुसत्या कच्च्या टाक्यांवर उभं. खटका दाबला की गॅस फुस्स करायचा, वायर दोन बोटं सरकायची आणि मध्येच सगळं गप्प. मी टिप बदलली, वायरचं बंडल बदललं, हेल्परवर ओरडलो. शेवटी टॉर्च काढून मशीनच्या तोंडातली खटक्याची दोन बारीक भोकं तारेच्या तुकड्यानं जोडली, तर वायर ढकलणारा फीडर गरागरा फिरायला लागला. म्हणजे मशीन ठणठणीत. हेल्परची माफी काही मी मागितली नाही.

डीलर म्हणाला, “सुटा खटका येत नाही. आख्खी टॉर्च घ्या, साडेचार हजार.” ज्या गावात ऑइल इंजिनाचे ब्लॉक ओतून लोकांनी बंगले बांधले, त्या गावात नखाएवढं बटण सुटं मिळू नये! कुकरची शिटी अजून सुटी मिळते हे नशीब. उद्या तिच्यासाठीही म्हणतील, किचन ओटा काढून नवीन घाला. मी रागारागानं रेडिओ-टीव्हीच्या सामानाच्या दुकानातून ३५ रुपयांचा मायक्रोस्विच आणला.

परत आलो तर शेडमध्ये ऑइलपेंटच्या डब्यावर मामा बसलेले. गिऱ्हाइकाचे मामा. एस.टी.तले निवृत्त कंडक्टर. भाच्यानं ‘बसून काम करून घ्या’ म्हणून पाठवलेले. त्यातलं बसायचं काम त्यांनी चोख केलं.

“थांबलाइस का?”

“खटका गेलाय, मामा.”

“कुणाबरोबर उडाला?”

मी मेन बंद केला, मुठीचे स्क्रू काढले आणि दोन फाकी अलग केल्या. त्यासरशी आतली स्प्रिंग टिंग करून उडाली. तांदळाच्या दाण्याएवढी स्प्रिंग आणि खाली पंधरा वर्षांचा ग्राइंडरचा कीस. लोहचुंबक फिरवला तर त्याला हातभर दाढी आली; त्या दाढीत स्क्रू, चुका, वायरचे तुकडे, गेल्या दिवाळीत हरवलेली कुलपाची किल्ली. स्प्रिंग नाही. मी आणि हेल्पर रांगतोय आणि वरून मामा विचारतायत, “दीडशे अँपिअर म्हणं ह्या एवढ्याशा बटणातनं जातंय?”

इथं मी गप्प बसायला हवं होतं. पण जमिनीवर रांगणाऱ्या माणसाला निदान ज्ञानानं तरी ताठ उभं राहावंसं वाटतं. म्हणालो, “ह्यातनं वेल्डिंगचा करंट जात नाही मामा. हे नुसतं मशीनला सांगतं, गॅस सोड, वायर सोड. तुमच्या घंटीसारखं. घंटी काय गाडी ओढत नाही.”

संपलं. पुढचा अर्धा तास दोरी. गाडीच्या छताखालून ड्रायव्हरच्या कानापर्यंत गेलेली ती घंटीची दोरी, तिला कुठं गाठ मारायची, पावसाळ्यात ती कशी फुगते. गगनबावड्याच्या गाडीत कुणीतरी तिलाच बाजाराची पिशवी अडकवली. मामा खाली उतरून चहा पीत होते. पिशवी निसटली, घंटी दोनदा वाजली आणि गाडी निघून गेली. “तिकिटाची पेटी काखेत, कप हातात, आणि गाडी फुडं! एक बेल म्हंजे थांब, दोन म्हंजे सोड. ड्रायव्हरचा काय दोष?” सांगता सांगता त्यांनी पान जुळवायला चंची उघडली. सुपारीच्या खांडांत स्प्रिंग.

“ही काय?” मामा म्हणाले, जणू आम्हीच नीट बघत नव्हतो.

मायक्रोस्विचला पाय तीन. एक सामाईक, एक दाबल्यावर जुळणारा, एक दाबल्यावर तुटणारा. कोणता कुठला हे बाजूला कोरलेलं असतं, पण चाळिशी घरी आणि कानात गगनबावडा. तारा सोल्डर केल्या, मूठ आतून जरा कानशीनं घासून स्विच बसवला, हलू नये म्हणून एमसीलचा गोळा लावला, तो वाळेपर्यंत परत गगनबावडा ऐकला आणि मेन चालू केला.

टेबलावर पडलेल्या टॉर्चमधून वायर आपली आपण बाहेर निघाली, टेबलाला लागली आणि ठिणग्यांचं झाड उडालं. हेल्पर दाराबाहेर. मी झडप घालून खटका दाबला, तर सगळं शांत. सोडला, की परत चालू.

“बरोबर हाय की!” मामा खुशीत. “एक बेल म्हंजे थांब!”

“मामा, चुकीच्या पायाला तार लागलीय.”

“चुकीची कशी? आता दोनदा दाब बघू.”

आणि हेल्परनं आत येऊन खरोखर दोनदा दाबलं. पगार मी देतो.

वाळलेलं एमसील छिन्नीनं फोडून तार दुसऱ्या पायाला लावली. तेव्हापासून खटका लोण्यासारखा चालतोय, हेही सांगायला हवं. गुरुवारी रात्री गेट बसवलं. अंगणात पाहुणे जमलेले आणि मध्यभागी मामा. “खटका मीच धरला. ह्याला स्प्रिंगबी दिसंना.” भाच्यानं कौतुकानं ऐकलं आणि खिशातून निळा पेन काढला.

मी काही बोललो नाही. वास्तुशांतीच्या आदल्या रात्री दोनशे रुपयांवरून आवाज चढवणारा कारागीर व्हायचं नव्हतं. तरी शिडी उचलताना एकदा भाच्याकडं बघितलं. तो बिजागरीवर नारळ टेकून फोटो काढत होता.

टेम्पोत बसलो. मामा गेटपाशी आले, हातातल्या किल्लीनं माझ्याच गेटच्या माझ्याच गजावर टण् टण् असं दोनदा वाजवलं आणि म्हणाले, “जाऊ द्या.”

टेम्पोवाला निघाला की हो.