पाणी आलं, पण नोंद नाही

रविवारी माझा चमत्कार नामंजूर झाला. देवाकडून नव्हे, त्याच्या वतीने वही सांभाळणाऱ्या काकांकडून.

आमच्या चर्चच्या उपासनेत साक्षींसाठी, म्हणजे देवाने आपल्यासाठी काय केलं ते सगळ्यांपुढे सांगण्यासाठी, थोडा वेळ राखून ठेवलेला असतो. साक्ष द्यायची तर आधी दाराशी बसलेल्या काकांकडे नाव नोंदवायचं. काका निवृत्त, कुठून, ते विचारायची गरज पडत नाही. लाल पेन, निळं पेन, दोन्हींना टोपण, वहीला खाकी कव्हर आणि मांडीवर दुसरी वही, पहिलीतल्या दुरुस्त्यांसाठी.

"जय ख्रिस्त. विषय?"

"पाणी."

काकांनी चष्म्यावरून पाहिलं. "पाण्यावर चाललात?"

"नाही हो. नळाला आलं."

"कधी?"

"शुक्रवारी सकाळी."

"गुरुवारी बंद होतं. म्हणजे शुक्रवारी येणारच. याला वेळापत्रक म्हणतात."

काका सखल भागात राहतात, म्हणून त्यांचा वेळापत्रकावर विश्वास. दुरुस्तीसाठी गुरुवारी पाणी बंद ठेवलं की वाहिन्या रिकाम्या होतात आणि आत हवा भरते. शुक्रवारी सोडलेलं पाणी आधी उताराकडे पळतं. चढावरच्या टोकाला हवा अडकून बसते. नळ नुसता खोकतो, मग गढूळ चूळ टाकतो, मग गप्प. खालच्यांच्या टाक्या भरून त्यांचे बॉलकॉक बंद झाले की मगच वर दाब चढतो. आमची इमारत टेकडीला टेकलेली, लाइनीच्या शेवटी. तिथे शुक्रवारी सकाळी साडेसहाला स्वच्छ पाणी, तेही पूर्ण धारेने! हे सगळं मी काकांना सांगितलं.

"त्यात देवाचं काय? व्हॉल्व्हवाल्याने व्हॉल्व्ह जरा जास्त फिरवला असेल."

"तुमच्या मणक्याच्या साक्षीतही सर्जन होताच की."

"होता. पण त्याच्या आधीच्या दोघांनी हात टेकले होते. दोघांचे कागद जोडलेत. तुमच्या व्हॉल्व्हवाल्याने हात टेकल्याचा काही कागद?"

कागद नव्हता.

"बरं, वचन कोणतं?"

साक्षीला बायबलमधलं वचन जोडावंच लागतं. मी तयारीने गेलो होतो. मत्तय 5:45 : देव नीतिमानांवर पाऊस पाडतो आणि अनीतिमानांवरही. काकांचा चेहरा एकदम उजळला.

"म्हणजे शेजारच्या सोसायटीलाही पाणी आलं?"

"आलं."

"ते विश्वासणारे?"

"नसावेत."

"मग यात तुमची साक्ष काय राहिली?"

पेनाला टोपण लागलं. मग त्यांना माझी दया आली असावी, कारण त्यांनी वही माझ्याकडे फिरवून रकाने दाखवले. आजारपण, नोकरी, लग्न, व्हिसा, अपघातातून बचाव. "आधी 'इतर' असा रकाना होता. लोक त्यात काहीही लिहायला लागले. एका बाईंनी पार्किंग मिळाल्याचं लिहिलं." क्षणभर थांबून म्हणाले, "लक्ष्मी रोडला. दिवाळीच्या आधीच्या शनिवारी. ते मात्र मी आजारपणात घातलं."

उपासनेनंतर चहा होता, पांचट. मिशनच्या चहाला पुण्यात खरं तर मोठा इतिहास आहे. 1890 साली पंचहौद मिशनमध्ये टिळक, रानडे वगैरे मंडळींपुढे चहा-बिस्किटं आली, त्यांची नावं छापून आली, ख्रिस्ती घरचा चहा म्हणून धर्म बाटल्याची ओरड झाली आणि प्रकरण थेट प्रायश्चित्तापर्यंत गेलं. कोणी खरोखर प्यायलं आणि कोणी नुसता कप हातात घेतला, यावर शहराने वाद घातला. रकाने पाडून माणसं बसवायची हौस या गावात धर्म बघून येत नाही.

माझी तक्रार अशी की काकांची कसोटी लावली तर काना गावच्या लग्नात येशूने पाण्याचा द्राक्षारस केला तो चमत्कारसुद्धा अडकेल. शुभवर्तमान लिहिणाऱ्या योहानाने हिशेब दिलाय : सहा दगडी रांजण, प्रत्येकात दोन-तीन मण पाणी मावणारे. तो मण म्हणजे साधारण 39 लिटर. रांजणाला 80 ते 120 लिटर धरा, सगळे मिळून 500 ते 700. म्हणजे गच्चीवरची हजार लिटरची काळी टाकी अर्ध्याहून जास्त भरली. येशूने एक थेंब ओतला नाही. "रांजण पाण्याने भरा," एवढं म्हणाला, आणि चाकरांनी ते काठोकाठ भरले. पंधरा लिटरची घागर धरली तर चाळीसेक खेपा होतात, त्याही लग्नघरात, पाहुण्यांच्या चपला चुकवत. पुढे भोजनकारभाऱ्याने द्राक्षारस चाखला, पण तो आला कुठून हे त्याला कळलं नाही. योहान मुद्दाम लिहितो की पाणी काढणाऱ्या चाकरांना ते ठाऊक होतं. व्हॉल्व्हवाला गोष्टीत आहे म्हणून साक्ष बाद करायची, तर आधी ही बाद करा.

उत्तर आफ्रिकेतल्या हिप्पोचा बिशप ऑगस्टीन, मृत्यू 430, याने याच प्रसंगावर प्रवचन करताना म्हटलंय की त्या दिवशी रांजणांत जे झालं तेच देव दरवर्षी वेलींवर करतो. दरवर्षी होतं म्हणून कोणी तोंडात बोट घालत नाही. नारायणगावच्या बागायतदाराला विचारा. ऑक्टोबरात फळछाटणी, मग चारेक महिने केवडा आणि भुरी या रोगांची धास्ती, फुलोऱ्यात अवकाळी आला की घडच कुजतात, आणि एवढ्यातून फेब्रुवारी-मार्चमध्ये माल निघतो. काकांच्या वहीत हा 'हंगाम'. बाद.

या वहीचा एवढा राग यायचं कारण म्हणजे माझी एक मोठी विनंती प्रलंबित आहे. कसली ते सांगणार नाही. सांगितली की लोक उपाय सांगतात. अशा लांबलेल्या प्रार्थनेत छोट्या नोंदीच टिकवून धरतात. त्यासाठी वही ठेवायची पद्धत जुनी आहे. ब्रिस्टलच्या अनाथाश्रमाचे जॉर्ज म्यूलर अशी तारीखवार नोंद ठेवत. डाव्या पानावर तारीख आणि विनंती, एका वाक्यात, तपासता येईल अशी. "सगळं चांगलं कर" लिहू नये. सहा महिन्यांनी ते झालं की नाही, कोण ठरवणार? उजवं पान कोरं ठेवायचं, आणि तळाला दरम्यान आलेलं बारीकसारीक लिहायचं. बहुतेकांचं घोडं पेंड खातं ते इथेच : तळ रिकामा दिसला की ते डावीकडची विनंती खोडून सोपी करतात, आणि मग उत्तर मिळाल्याची साक्ष देतात. काका ती घेतात.

कर्मेल डोंगरावर एलीया संदेष्ट्याने दुष्काळात पावसासाठी प्रार्थना करताना चाकराला समुद्राकडे बघायला सात वेळा पाठवलं. तो येऊन "काही नाही" म्हणत राहिला. सातव्यांदा दिसला तो ढग माणसाच्या तळहाताएवढा. त्या चाकराने तो सांगितला तरी. आमच्याकडे असता तर म्हणाला असता, एवढ्याशा ढगाची काय नोंद करायची.

नोंद न होण्याचंही एक वेळ चालेल. पण मोठी विनंती अडली आहे हे कळल्यावर जी माणसं खांद्यावर हात ठेवून "विश्वास कुठेतरी कमी पडतोय" म्हणतात, त्यांचं काय करायचं? बायबलमधल्या ईयोबावर संकटं कोसळली तेव्हा त्याचे मित्र निदान आधी सात दिवस जमिनीवर गप्प बसले होते. ते बोलायला लागले तेव्हापासून बिघडलं. आमच्याकडचे थेट तिथूनच सुरुवात करतात, तोंडात बिस्कीट असताना.

योहानाच्या पाचव्या अध्यायात बेथेस्दा तळ्याकाठच्या पाच पडव्यांत एक माणूस आहे, 38 वर्षं आजारी. येशू विचारतो, बरं व्हायचंय का? तो हो म्हणत नाही, विश्वासाचा शब्द काढत नाही. तो रांगेची तक्रार करतो : पाणी हललं की बरं व्हायला मला तळ्यात सोडायला कोणी नाही, मी जातोय तोवर दुसराच पुढे घुसतो. अगदी रेशन दुकानाच्या दाराशी करावी तशी तक्रार. येशू त्याला विश्वास वाढवून आण म्हणत नाही. ऊठ, बाज उचल आणि चाल, म्हणतो. तो उठतो, बाज उचलतो, चालू लागतो, आणि लगेच त्याला वहीवाले भेटतात. 38 वर्षांबद्दल कोणी विचारत नाही. आज शब्बाथ आहे, विसाव्याचा दिवस, म्हणतात, बाज उचलायला परवानगी कोणी दिली?