कार्यक्रमाचे स्वरूप

मागच्या आठवड्यात आमच्या भावकीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर कुणीतरी बातमीचं कात्रण टाकलं. फार्महाऊसवरची रेव्ह पार्टी उधळली, इतके तरुण ताब्यात वगैरे. खाली तीन अंगठे, दोन जोडलेले हात, आणि पाठोपाठ आत्याचा मला वेगळा व्हॉइस मेसेज: "बाळा, तू त्या स्पीकरवाल्या पोरांबरोबर कर्जतला जातोस ना, ती हीच का रे?"

आत्या, ती ही नव्हे. पण मग ती काय, हे दोन ओळींत टाइप करायला बसलो आणि जमेना. म्हणून ही पोस्ट. लांब आहे, चहा घेऊन बसा.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: मी पनवेलचा, आगरी घरातला, पोटापाण्याला कंटेनरच्या धंद्यात. वर्षातून दोन-तीनदा आम्ही चार मित्र कर्जतकडे एक फार्महाऊस घेतो, भाड्याने साउंड आणतो आणि शे-सव्वाशे माणसं रात्र होईतो टेक्नोवर, म्हणजे मशीनच्या ठोक्यांवरच्या संगीतावर, नाचतात. तिकीट असतं, जेवण असतं, परवानगी असते. गोची त्या परवानगीतच आहे.

पहिल्यांदा लाउडस्पीकरच्या परवान्याला पोलीस ठाण्यात गेलो तेव्हाची गोष्ट. अर्जात एक रकाना होता, 'कार्यक्रमाचे स्वरूप'. मी तो कोरा सोडला होता. हवालदारसाहेब भले माणूस, त्यांनी पेन उघडलं आणि मदतीला आले.

"लग्न?"
"नाही."
"वाढदिवस?"
"नाही साहेब."
"पूजा, जयंती, काही?"
"नाही. लोक येणार, गाणी लागणार, लोक नाचणार."
पेन थांबलं. "ते कळलं. पण कशानिमित्त?"

या प्रश्नाला माझ्याकडे तेव्हा उत्तर नव्हतं, आजही नाही. पण त्या एका शब्दाने माझं डोकं कायमचं कामाला लावलं. आपल्याकडे रात्रभर नाचायला जेवढी नावं आहेत ती आठवून बघा. हळद, वरात, विसर्जन, शिमगा, दहीहंडी, नवरात्र. सगळी निमित्ताची नावं. नाच त्यात गृहीत धरलेला. "हळदीला ये" असं कुणी म्हणालं की आमच्या रायगड-ठाण्यात त्याचा अर्थ नवऱ्याला हळद लागेल तेव्हा हजर राहा असा होत नाही. मटण खा आणि पहाटेपर्यंत नाच, असा होतो. हळद लावून होते संध्याकाळीच. पण नुसतं "नाचायला ये" असं आमंत्रण मी आजवर एकाही पत्रिकेवर वाचलेलं नाही.

बाकीच्या जगात ही नावं कशावरून पडली ते बघितलं की आपली गंमत जास्त कळते. 'डिस्कोथेक' हा फ्रेंच शब्द, 'बिब्लिओथेक' म्हणजे ग्रंथालय, त्याच चालीवर केलेला. तबकड्यांचं ग्रंथालय! 'हाउस' संगीताचं नाव शिकागोतल्या वेअरहाउस नावाच्या क्लबवरून आलं असं बहुतेक जण सांगतात. तिथे १९७७ पासून फ्रँकी नकल्स तबकड्या लावायचा. म्हणजे जागेवरून नाव. न्यूयॉर्कच्या ब्राँक्समधली 'ब्लॉक पार्टी' म्हणजे आपली गल्लीच. ऑस्ट्रेलियात माळरानावरच्या अशा रात्रीला 'डूफ' म्हणतात, आणि त्याची सांगतात ती कथा मला फार आवडते. सिडनीत १९९२ च्या आसपास एका घरात असंच काहीतरी चाललं होतं, शेजारीण दार ठोठावत आली आणि म्हणाली, रात्रभर हे काय डूफ डूफ डूफ लावलंय? पोरांनी तेच नाव उचललं. तक्रारीचं नाव झालं. आपल्याकडे 'धांगडधिंगा' हा शब्दही असाच झोपमोड झालेल्या माणसाने दिला असणार, फक्त आपण तो बॅनरवर लावायची हिंमत केली नाही.

एक नाव वेळेवरून पडलेलं आहे, तेही सांगतोच. ऐंशीच्या दशकात इंग्लंडमधल्या आपल्या देशी घरांतल्या पोरापोरींना, त्यातही पोरींना, रात्री बाहेर पाठवतंय कोण? मग भांगड्याचे कार्यक्रम भरदुपारी व्हायला लागले. शाळा-कॉलेज बुडवून जायचं, दप्तरात कपडे, तिथे बदलायचे, नाचायचं, आणि आईबाप कामावरून यायच्या आत घरी. त्याला 'डेटाइमर' म्हणत. माझ्या मते या सगळ्या यादीत सगळ्यात खरं नाव हेच. यात ना जागा, ना निमित्त. घरच्यांचा डोळा चुकवायची वेळ तेवढी आहे.

आता 'रेव्ह'. हा शब्द लंडनच्या सोहो भागातल्या पोरांनी पन्नासच्या दशकातच वापरला होता, मग मागे पडला. १९८८-८९ मध्ये ॲसिड हाउसची, म्हणजे वर सांगितलेल्या हाउसच्याच एका प्रकाराची, लाट आली आणि लंडनभोवतीच्या एम-२५ रिंगरोडलगतच्या शेतांत, रिकाम्या गोदामांत हजारो पोरं नाचायला लागली, तेव्हा तो परत उगवला. १९९२ च्या मे महिन्यात कॅसलमॉर्टन नावाच्या गायरानावर वीसेक हजारांहून जास्त माणसं जमली आणि आठवडाभर हललीच नाहीत. सरकार हादरलं. १९९४ मध्ये कायदा आला. उघड्यावर शंभर किंवा जास्त माणसं, रात्री, ध्वनिवर्धकावर संगीत, आणि त्याचा आजूबाजूच्यांना गंभीर त्रास होण्याची शक्यता, असं असेल तर पोलीस उठवू शकतात. इथवर ठीक. पण मग संगीत म्हणजे काय हेही लिहावं लागलं. त्यात म्हटलंय की 'एकामागून एक पुन्हा पुन्हा येणारे ठोके' हे ज्याचं मुख्य लक्षण आहे असे आवाजही संगीतात धरावेत.

पुन्हा पुन्हा येणारे ठोके! सरकारी भाषेत याहून नेमकी व्याख्या मी वाचलेली नाही. ऑटेकर नावाच्या इलेक्ट्रॉनिक संगीतवाल्या जोडगोळीने त्याच वर्षी एक रेकॉर्ड काढली, तिच्यातल्या एका तुकड्याचे ठोके मुद्दाम असे रचले की एक आवर्तन दुसऱ्यासारखं नाही, म्हणजे त्या व्याख्येत बसायलाच नको, आणि वर चिकटपट्टीवर सूचना दिली की वाजवताना वकील आणि संगीततज्ज्ञ सोबत ठेवा. मी ती व्याख्या वाचली तेव्हा मला आमच्या गावचा काकडा आठवला. उजाडायच्या आत, देवळाबाहेर शंभरावर माणूस, माईक चालू, आणि मृदंगाचा तोच ठेका अर्धा तास. माउली माफ करा, पण हे मनात आलं ते आलं. बाय द वे, २००३ मध्ये तिथे शंभराचा आकडा वीसवर आणला आणि उघड्यावरची अटही काढली. वीस माणसं तर आमच्याकडे हळदीच्या आदल्या दिवशी कांदे चिरायला असतात.

तिथल्या पोरांनी मग आपला वेगळा शब्द धरला, 'फ्री पार्टी'. याचं मराठी करताना मी अडखळतो, कारण आपल्याकडे 'फुकट' वेगळं आणि 'मोकळं' वेगळं. त्यांना दोन्ही म्हणायचंय, पण जास्त 'मोकळं'. तिकीट नाही हे खरं, परवाना नाही हे जास्त खरं. म्हणजे आमचा कर्जतचा प्रकार त्या हिशेबाने फ्री पार्टी नाही. रेव्हही नाही, कारण आम्ही रकाना भरतो.

आणि आपल्याकडे 'रेव्ह'चं काय झालं? मराठी पेपरांत हा शब्द छाप्याबरोबरच आला. २००७ च्या मार्चमध्ये सिंहगडाच्या पायथ्याशी डोणजे परिसरात पुणे ग्रामीण पोलिसांनी छापा टाकून अडीचशेहून जास्त जणांना पकडलं, तेव्हापासून तो घराघरात गेला. अमली पदार्थांच्या १९८५ च्या कायद्यात 'रेव्ह' हा शब्दच नाही. तिथे पदार्थ आणि त्याचं वजन बघतात. पण बातमीला तो लागतोच. आता फ्लॅटमध्ये सातजण सापडले, टीव्ही बंद असला, कुणी नाचत नसलं, तरी मथळा 'रेव्ह पार्टी'. पदार्थ सापडले असतील तर जरूर कारवाई करा, त्याबद्दल माझं काही म्हणणं नाही. आमच्या गेटवरही पिशव्या तपासतो, दोघांना परत पाठवलंय. पण संगीतच नसेल तर निदान तो शब्द तरी सोडा की! मला विचाराल तर मराठीत 'रेव्ह'चा खरा अर्थ एवढाच उरलाय: निमित्त नसताना जमलेली माणसं.

गोव्याला मी पहिल्यांदा गेलो १९९८ च्या डिसेंबरात, दोघं मित्र, एक यामाहा. हणजूणला (अंजुना) तेव्हा कुणी रेव्ह म्हणत नव्हतं, फेस्टिव्हल तर नाहीच. नुसतं 'पार्टी'. आज पार्टी कुठंय? पोस्टर नाही, पत्ता नाही. रात्री वागातोरच्या बाजूला गाड्यांचे दिवे एका दिशेने वळताना दिसले की त्यांच्या मागे जायचं. पोचलो तर सगळ्यात आधी दिसल्या त्या चटया. ओळीने अंथरलेल्या, प्रत्येकीवर रॉकेलची चिमणी, स्टोव्ह, चहाची किटली, केळी, ऑम्लेट-पाव. गावातल्याच बायका. गोरे लोक त्यांना 'चाय मामा' म्हणत. आम्ही मराठीत चहा मागितल्यावर ती बाई इतकी दचकली! "तुमी खंयचे?" मग तिने कोंकणीत आणि आम्ही मराठीत अर्धा तास गप्पा मारल्या, पलीकडे ट्रान्स संगीताचा धबधबा चालू. तिच्यासाठी ती रात्र म्हणजे चतुर्थीपेक्षा जास्त गल्ल्याची रात्र, बस. तिथला नावाजलेला डीजे गोवा गिल वगैरे मंडळी त्याच नाचाला प्राचीन आदिवासी विधी म्हणायची. त्या बाईने मला विचारलं होतं, ह्यांना घरी कुणी नाही का?

२००० साली ध्वनिप्रदूषणाचे नियम आले, रात्री दहाची मर्यादा आली, आणि त्या चटया हळूहळू गुंडाळल्या गेल्या. २००७ मध्ये कांदोळीला सनबर्न हा मोठा संगीत-महोत्सव सुरू झाला, 'फेस्टिव्हल' हा शब्द रुळला, आणि त्याबरोबर मनगटाला पट्टा, प्रायोजकांच्या कमानी. वाईट म्हणत नाही, मी स्वतः तिकीट काढून गेलोय. पण पार्टीला तुम्ही शोधत जायचात, फेस्टिव्हल तुम्हाला मेसेज पाठवतो.

त्या नियमांतच एक वाक्य आहे, ते सगळ्या मंडळांना पाठ असतं. वर्षातले जास्तीत जास्त १५ दिवस राज्य सरकार रात्री बारापर्यंत सूट देऊ शकतं, 'सांस्कृतिक किंवा धार्मिक' उत्सवासाठी. म्हणजे नावावर दोन तास मिळतात. जर्मन लोकांनी हा खेळ आपल्यापेक्षा भारी खेळलाय. बर्लिनची लव्ह परेड १९८९ मध्ये दीडेकशे माणसांनी सुरू केली, ती चक्क राजकीय मोर्चा म्हणून नोंदवून. घोषवाक्य होतं: शांती, आनंद आणि धिरडी. (अंड्याची, पण धिरडीच. आणि त्याचाही अर्थ लावलेला: धिरडी म्हणजे अन्नाचं न्याय्य वाटप.) मोर्चा असल्यामुळे साफसफाई शहराच्या खर्चाने. २००१ मध्ये कोर्टाने सांगितलं, हा मोर्चा नाही, आणि झाडूचं बिल आयोजकांवर आलं. पुढे २०१६ मध्ये तिथल्या बर्गहाइन क्लबच्या टेक्नोच्या रात्रींना कोर्टाने मैफलीच्या पंगतीला बसवलं, तेव्हा तिकिटावरचा कर १९ टक्क्यांचा ७ झाला. ठोका तोच!

आपल्याकडेही हे नवीन नाही. २००५ मध्ये डान्स बार बंद केले ते तीन तारे आणि वरची हॉटेलं सोडून, हायकोर्टाने हाच भेदभाव पकडला. बंदीच्या काळात त्याच दारांवर 'ऑर्केस्ट्रा बार' लिहिलेलं सगळ्यांनी पाहिलंय. आणि संगीत बारीच्या, म्हणजे बायकांच्या लावणीच्या, थिएटरवर पाटी असते 'सांस्कृतिक कला केंद्र'. ती पाटी लावावी का लागते, हे एकदा त्या बायकांना विचारायला हवं.

पण नावांच्या बाबतीत माझे सगळ्यात लाडके शब्द दोन. पहिला 'डीजे'. जगभर डीजे हा माणूस असतो. आपल्याकडे तो टेम्पो असतो. डीजे आला, डीजे लावला, डीजेचा फ्यूज उडाला, डीजे जप्त केला. वाजवणाऱ्या पोराला आम्ही 'ऑपरेटर' म्हणतो. दुसरा, कोल्हापूर-सांगली-साताऱ्याचा 'डॉल्बी'. स्पीकरच्या भिंतीला डॉल्बी. तिथे प्रशासन 'डॉल्बीमुक्त गणेशोत्सवा'ची मोहीम काढतं. आता रे डॉल्बी हा गृहस्थ प्रसिद्ध कशासाठी? टेपवरची खरखर कमी करण्यासाठी! १९६५ मध्ये लंडनला त्याने कंपनी काढली ती आवाजातला गोंगाट काढायला. त्याच्या आधी दोन वर्षं तो युनेस्कोचा सल्लागार म्हणून भारतातच होता. एखादी वरात तेव्हा त्याच्या दारावरून गेली असेल का, एवढंच मला जाणून घ्यायचंय.

गेल्या हिवाळ्यात एकाच आठवड्यात दोन्ही झालं. शनिवारी कर्जत, बुधवारी चुलतभावाची हळद. साउंडवाला एकच, तोच ऑपरेटर, तेच बेस, एकाच्या जाळीला पोचा होता तोसुद्धा ओळखीचा. कर्जतला दहाच्या ठोक्याला आवाज बंद केला, मग लोक हेडफोन लावून नाचले, आणि तरी गावातले दोघं येऊन बघून गेले की पोरं 'तसलं' काही करत नाहीत ना. बुधवारी रात्री सव्वाबारा. आख्खी आळी रस्त्यावर, आत्या सगळ्यात पुढे, पदर खोचून. आवाज शनिवारच्या दुप्पट. गाडी आली, साहेब उतरले, म्हणाले, "दादूस, हळद आहे ठीक आहे, पण आता जरा कमी करा." त्यांना मटणाचं ताट दिलं. मीच नेऊन दिलं.

मांडवाच्या मागच्या खोलीत धवलारीण आजी, म्हणजे लग्नविधीची गाणी (धवले) म्हणणारी, बसून होती. पूर्वी हळदीची रात्र म्हणजे तिच्या धवल्यांची रात्र. तासन् तास तीच चाल, तेच फिरून फिरून येणारं पालुपद. या वेळी तिला सकाळी सातला विधीपुरतं बोलावलं होतं. मी विचारलं, झोप लागते का ह्या आवाजात? म्हणाली, "झोपायला कोन आलंय?"

तर आत्या, मी हे सगळं तुला फोनवर सांगितलं आणि तू म्हणालीस, "म्हणजे हळदच की, नवरा सोडून." हो. तसंच.

डिसेंबरचा अर्ज या आठवड्यात द्यायचाय. बाकी सगळं भरलंय, तो रकाना तेवढा कोरा आहे. कमेंटमध्ये सुचवा. 'स्नेहसंमेलन' नको, ते मागच्या वेळी लिहिलं होतं आणि साहेबांनी विचारलं, कुठल्या शाळेचं?