पुरानंतर वर येऊन आ करणारा मासा झिंगलेला नसतो, गुदमरलेला असतो

खाडीतल्या मासेमारीबद्दलचा एक मेसेज सध्या ग्रुपाग्रुपांतून फिरतोय. काल तो भाच्याने मला पाठवला आणि खाली विचारलं, 'मामा, उद्या जाऊया का?' म्हणून हे लिहायला बसलो. मेसेज थोडक्यात असा: मुसळधार पाऊस थांबला की पहिल्याच दिवशी खाडीवर जा. समुद्रातले मासे गोडं पाणी प्यायला आत येतात, पिऊन झिंगतात आणि हाताने धरता येतात. कालवं-शिंपल्या पावसाने स्वच्छ धुतलेल्या असतात. ओहोटीला पाण्यात उतरा, पूरच मासे आणून देतो.

गोडं पाणी प्यायला कुणी येत नाही. समुद्रातला मासा कायम खारं पाणीच पितो आणि जास्तीचं मीठ कल्ल्यांवाटे बाहेर टाकतो. गोड्या पाण्यात उलट पाणीच कल्ल्यांतून आपसूक त्याच्या अंगात शिरतं. बोय, जिताडा यांना हा बदल सोसतो. ज्यांना सोसत नाही ते समुद्राकडे सरकतात.

चीड येते ती 'झिंगलेल्या' माशांची. पुराचं पाणी शेतांत, गवतात तुंबून राहतं. बुडालेलं गवत कुजतं आणि कुजताना पाण्यातला प्राणवायू संपवतं. मग ते काळपट पाणी ओहोळांतून खाडीत उतरतं. गोडं पाणी हलकं, म्हणून ते खाऱ्यावर तरंगतं आणि तळाच्या पाण्याचा हवेशी संबंध तुटतो. प्राणवायू लिटरमागे 2 मिलिग्रॅमच्या खाली गेला की बहुतेक माशांचा जीव घाबरा होतो. हवेला लागून असलेल्या पातळ थरात तेवढा थोडा उरतो, म्हणून मासा पृष्ठभागाला तोंड लावून आ करत राहतो. कल्ले भराभर हलत असतात, हात घातला तरी तो पळत नाही. खेकडेसुद्धा पाणी सोडून काठावर चढतात. याला कुणी पर्वणी कसं म्हणू शकतं?

ऑस्ट्रेलियातल्या न्यू साउथ वेल्समधल्या रिचमंड नदीचं उदाहरण बघा. 2001च्या फेब्रुवारीत पूर ओसरताना तिच्या खाडीत प्राणवायू संपला आणि मासे प्रचंड संख्येने मेले. सरकारने तिथली मासेमारी काही महिने बंद ठेवली. 2008च्या जानेवारीत पुन्हा तेच झालं. बंदी का, तर जे वाचले त्यांच्यावरच पुढची पैदास अवलंबून होती. आपला मेसेज नेमके तेच मासे हाताने उचलायला सांगतोय. त्यात मेलेला मासा कधी मेला, गुदमरून मेला की वरून वाहून आलेल्या कीटकनाशकाने, हे काठावर उभं राहून कुणालाच कळत नाही. तो घरी न्यायचा नाही.

शिंपल्या धुतल्या जातात हेही धादांत खोटं. कालव पाणी गाळूनच जगतं, मोठं कालव अनुकूल परिस्थितीत दिवसाला दीडशे लिटरहून जास्त. जोराच्या पावसानंतर ते पाणी म्हणजे गटारं, गोठे आणि उकिरड्यांचं धुवण. जंतू त्याच्या पोटात साठतात. अमेरिकेत अशा काही ठिकाणी ठरावीक पाऊस पडला की शिंपल्या काढणं बंद करतात आणि पाणी निवळल्यावरच परवानगी देतात.

पाण्यात उतरण्याबद्दल थोडक्यात सांगतो. पायाला बारीकशी चीर असली तरी पुराच्या पाण्यातून लेप्टोस्पायरोसिसचे जंतू शिरू शकतात. ओहोटी आणि पूर एकाच दिशेने ओढतात तेव्हा कमरेएवढ्या पाण्यातही पाय ठरत नाहीत. मुखावरच्या वाळूच्या दांड्यावर समोरून येणारी लाट या ओढीला भिडून उभी फुटते, तिथे होडीही उलटते. गढूळ पाण्यात वाहत येणारा ओंडका अंगावर येईपर्यंत दिसत नाही.

एक गोष्ट मात्र मान्य करावी लागते. पावसानंतर खाडीत मासेमारी चांगली होते, हे अगदीच खोटं नाही. नदीबरोबर खाद्य येतं, कोळंबी मुखाकडे सरकते आणि तिच्यामागे मोठे मासे येतात. पण हे पहिल्या दिवशीचं नाही. पूर उतरू द्या, काही भरत्या येऊन जाऊ द्या. गढूळ आणि निवळ पाण्याची रेघ स्पष्ट दिसायला लागली की भरतीच्या वेळी काठावरूनच त्या रेघेजवळ गळ टाका, निवळ बाजूला. तोवर मासे वर येऊन आ करताना दिसले तर गळ गुंडाळून परत फिरायचं आणि मत्स्य विभागाला कळवायचं. भाच्याला मी एवढंच उत्तर पाठवलंय.